पाव, पण कशाचा? पाचवीच्या एका वर्गातले अपूर्णांक

पार्श्वभूमी

हे प्रकरण नवी मुंबईत, तुर्भे परिसरातल्या मराठी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत घडले. वर्ग पाचवीचा आणि मी त्या वर्गाची शिक्षिका. शाळेचे आणि मुलांचे नाव दिलेले नाही. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, पण तासांत जे झाले ते झाले तसेच लिहिते आहे. काळ दिवाळीच्या सुट्टीनंतरचा, दुसऱ्या सत्राचा.

वर्गात चाळिसाच्या आसपास मुले. बऱ्याच जणांचे वडील बाजार समितीत माथाडी आहेत, कुणी दाणा बंदरात, कुणी मसाला मार्केटमध्ये, कुणी कांदा-बटाट्याला. आया घरकामाला जातात किंवा संध्याकाळी रस्त्याकडेला भाजी लावतात. अशी मुले बाजारात वाढलेली असतात, सुटे पैसे मोजून देतात, काट्यावर नजर ठेवतात. त्यामुळे अपूर्णांक यांना जड जाणार नाहीत असे मला वाटत होते. पाव किलो, अर्धा किलो, दीड किलो हे शब्द तर त्यांच्या तोंडात रोजचे. हा माझा अंदाज किती कच्चा होता ते पुढे येईलच.

वर्गात कृती होत नव्हत्या असे मुळीच नाही. तिसरी-चौथीत मुलांनी कागदाची वर्तुळे कापली होती, आकृत्या रंगवल्या होत्या. मीही पहिल्याच तासाला घरून चपात्या नेल्या, चाकूने कापून अर्धा, पाव, पाऊण दाखवले. तास रंगला. मुलांनी वहीत आकृत्या काढल्या, ३/४ म्हणताच चारांतले तीन भाग झटकन रंगवले. मी समाधानाने घरी गेले.

अडचण कशी लक्षात आली

त्या आठवड्याच्या शेवटी छोटी चाचणी घेतली, फक्त चार प्रश्नांची.

१/३ आणि १/४ यांत मोठा कोणता? निम्म्याहून जास्त मुलांनी १/४ लिहिले. कारण विचारले तर उत्तर एकच, "चार मोठे आहेत ना बाई."

१/२ + १/३ किती? बहुतेकांचे उत्तर २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. उत्तर अर्ध्याहून कमी आले आहे, म्हणजे अर्ध्यात काहीतरी घातल्यावर ते कमी झाले, हे कुणालाच खटकले नाही.

तिसरा प्रश्न मी मुद्दाम घातला होता. एक आयत काढला. त्याचा अर्धा भाग एक, उरलेल्यातला अर्धा दुसरा, आणि राहिलेल्या पावाचे दोन सारखे तुकडे. एकूण चार तुकडे, लहानमोठे. त्यांतल्या सगळ्यांत लहान दोन तुकड्यांपैकी एक रंगवला आणि विचारले, रंगवलेला भाग किती? जवळजवळ सगळ्या वर्गाने १/४ लिहिले. तो होता १/८.

चौथा प्रश्न ५/४ ची आकृती काढा. इथे बरीच पाने कोरी राहिली. एका मुलाने तोंडावरच विचारले, "बाई, पाचांतले चार घेता येतात. चारांतले पाच कसे घेणार?"

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांची उत्तरे शेजारी ठेवली तेव्हा मला खरा घोळ कळला. मुले अपूर्णांक पाहत नव्हती, दोनदा मोजत होती. रंगवलेले तुकडे मोजायचे, ते वर लिहायचे. सगळे तुकडे मोजायचे, ते खाली लिहायचे. तुकडे सारखे आहेत का, आणि मुळात ते कशाचे तुकडे आहेत, हा प्रश्न त्यांच्या मनात येतच नव्हता. आणि ही सवय आम्हीच, वर्तुळे रंगवून घेऊन, लावली होती.

ही चूक फक्त आमच्याकडचीच नाही. अमेरिकेत १९७७-७८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चे उत्तर अंदाजाने निवडायला सांगितले होते, पर्याय १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक एक आहेत, म्हणजे उत्तर २ च्या आसपास. २ निवडणारी मुले २४ टक्के निघाली. २८ टक्क्यांनी १९ निवडले, २७ टक्क्यांनी २१. म्हणजे १२ आणि ७ ची बेरीज, किंवा १३ आणि ८ ची. माझ्या वर्गातल्या २/५ चीच ही मोठी भावंडे.

एक छोटा संवाद

चाचणीनंतर मी एका मुलाला जवळ बोलावले. हा संध्याकाळी मावशीच्या भाजीच्या गाडीवर बसतो, तोंडी हिशेबात वर्गात पहिला. त्याचाही १/४ मोठा आला होता.

"पाव किलो म्हणजे किती रे?"

"अडीचशे."

"आणि पाऊण किलो?"

"साडेसातशे." एका क्षणाचाही विलंब नाही.

"पाव डझन केळी म्हणजे किती?"

तो थांबला. मग म्हणाला, "केळी वजनावर नाही देत बाई."

"अरे, समज दिली. पाव डझन."

"अडीचशे?" हे त्याने इतक्या हळू आवाजात विचारले की त्याला स्वतःलाच ते पटत नाही हे दिसत होते. अर्धा डझन म्हणजे सहा हे त्याला माहीत होते. पण पाव म्हणजे त्याच्यासाठी अडीचशेच.

मी त्या संध्याकाळी खूप वेळ याचाच विचार करत होते. पूर्वी तागडीत पाव किलोचे, अर्ध्या किलोचे वजन हातात घेऊन टाकावे लागायचे. चार पावांची वजने एका किलोच्या समोर ठेवली की काटा सारखा व्हायचा, भाग आणि पूर्ण दोन्ही डोळ्यांसमोर. आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर २५० हा आकडा उमटतो. चार आण्यांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले, म्हणजे पाव रुपया या मुलांनी हातात घेतलेलाच नाही. त्यांच्या कानावर पाव आहे, पण तो एक पूर्णांक आहे. बाजाराच्या अनुभवावर मी जी इमारत उभी करणार होते, तिच्या पायात असा २५० बसलेला होता.

त्या दिवसापासून वर्गात एक प्रश्न ठरून गेला: "पाव, पण कशाचा?"

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता. नियम सांगायचा, लसावि काढून समच्छेद करायला शिकवायचे, तुलनेसाठी तिरका गुणाकार द्यायचा आणि भरपूर उदाहरणे सोडवून घ्यायची. पाचवीला तेव्हा शिष्यवृत्ती परीक्षा होती, आणि शेजारच्या वर्गाचे सर मला कळकळीने सांगत होते, "बाई, पोरांना पद्धत द्या. समज मागून येते." त्यांच्या मुलांना मार्क चांगले पडत, हे मी नाकारणार नाही. पण २/५ लिहूनही काही खटकू नये, ही स्थिती नियमाने सुटत नाही, झाकली जाते. सहावी-सातवीत ती पुन्हा वर येते.

दुसरा, शाळेच्या कपाटातले प्लॅस्टिकच्या रंगीत वर्तुळभागांचे तयार संच बाहेर काढायचे. संच मोजके, मुले चाळीस, आणि वर्तुळेच पुन्हा. वर्तुळात तुकडा पाहून पूर्ण आपोआप डोळ्यांना दिसते, म्हणून ते सोपे वाटते. आमची अडचण नेमकी तीच होती, की पूर्ण काय आहे हे मुलांनी ठरवायलाच हवे.

तिसरा, खाण्याच्या वस्तू घेऊन पुढे जायचे. हा पर्याय एका आजोबांनी बंद केला. नातवाला सोडायला आले तेव्हा दारात थांबून म्हणाले, "बाई, अन्नाशी खेळ नको. कापलेल्या चपात्या शेवटी टाकूनच दिल्या ना?" त्यांचे खरे होते. आमच्या वर्गात काही मुले सकाळी चहावर येतात. त्यांच्यासमोर मी चपाती हे शैक्षणिक साहित्य केले होते. मी त्यांची माफी मागितली.

चौथा, आम्हीच कागदाच्या पट्ट्या, दोरी आणि पाणी घेऊन सगळे पुन्हा पहिल्यापासून मांडायचे. याला वेळ लागणार होता. मुख्याध्यापकांनी विचारले, किती? मी सहा आठवडे म्हटले, आठवड्यातले तीन तास. त्यांनी पाठ्यक्रमाचे वेळापत्रक काढले, भूमितीचा एक घटक पुढे ढकलला आणि म्हणाले, "मग करा, पण दर शनिवारी मला दाखवा."

काय केले

वाटणी आधी. वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी अपूर्णांकाचे दोन अर्थ, वाटणी आणि मापन, एकत्र धरून शिकवण्यावर काम केले आहे. वाटणीच्या अर्थाने ३/४ म्हणजे तीन भाकऱ्या चार जणांत वाटल्यावर एकाच्या वाट्याला येते ते. इथे वरचा आकडा आणि खालचा आकडा दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, म्हणून मुले त्यांची सरमिसळ कमी करतात. मी कागदी भाकऱ्या काढून दिल्या. एका गटात तीन भाकऱ्या, चार मुले. दुसऱ्या गटात दोन भाकऱ्या, तीन मुले. कुठल्या गटात बसलात तर जास्त मिळेल?

खूप भांडण झाले. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने जे सांगितले ते मी आजही दरवर्षी वापरते: "कमी काय पडलं ते बघा ना. पहिल्या गटात प्रत्येकाला एक भाकरी व्हायला पाव कमी पडतो. दुसऱ्यात तिसरा वाटा कमी पडतो. पाव लहान, म्हणून पहिल्यात बसायचं." समच्छेद नाही, तिरका गुणाकार नाही. आणि १/४ हा १/३ पेक्षा लहान, हे तिने जाता जाता गृहीतच धरले होते.

मग पट्ट्या. कार्डशीटच्या २० सेंटिमीटरच्या, सगळ्यांच्या सारख्या. घडी घालून अर्धा, पाव, आठवा भाग सहज झाला. तिसरा भाग घालताना मुले अडली. घडी इकडून तिकडे सरकवत तीन समान थर करायला हात बसावा लागतो. पाचवा भाग तर घडीने जमेना. मोजपट्टी वापरू द्यायची नव्हती, कारण मग सगळे पुन्हा सेंटिमीटरच्या पूर्णांकांत गेले असते.

तेव्हा एकरेघी वहीची युक्ती काढली. वहीच्या रेघा सारख्या अंतरावर असतात. दर तिसऱ्या रेघेला शाईने गडद करायचे. पट्टीचे एक टोक पहिल्या गडद रेघेवर, दुसरे टोक सहाव्या गडद रेघेवर येईल अशी पट्टी तिरकी ठेवायची. मधल्या चार रेघा पट्टीच्या कडेला जिथे छेदतात तिथे खुणा करायच्या. पाच समान भाग तयार. सात हवे असतील तर आठव्या रेघेपर्यंत जायचे. रेघा समांतर आणि समान अंतरावर असल्या की तिरक्या पट्टीचेही भाग समान होतात, हे भूमितीचे सत्य मुलांनी नाव न घेता हाताळले. त्या तासात वर्गात जो आवाज होता तो कामाचा होता. एक मुलगा वही तिरकी करत, पट्टी फिरवत स्वतःशीच पुटपुटत होता, "सहावी रेघ, सहावी रेघ, पाच नाही, सहावी." पाच भागांना सहा रेघा लागतात हे त्याला दोनदा चुकल्यावर कळले होते, आणि आता तो ते सुटू देत नव्हता.

एक तास पूर्ण फसला. ठाणे ते वाशी रेल्वेमार्ग फळ्यावर काढून त्यावर अपूर्णांक मांडावेत असा माझा विचार होता. ठाणे ०, वाशी १, मधली स्टेशने भाग. तेव्हा ठाणे आणि ऐरोली यांच्यामधले दिघा गाव स्थानक सुरू झाले नव्हते. मुलांनी दोन मिनिटांत मोडीत काढला: "ठाण्याहून ऐरोली यायला किती वेळ लागतो बाई, आणि पुढची पटापट येतात. हे भाग सारखे कुठे आहेत?" तास गेला, पण भाग सारखे हवेत हे आता त्यांनी मला सांगितले, मी त्यांना नाही. मी तो तास वाया गेला असे धरत नाही.

पाण्याचा तास ५/४ साठी. आधी पाण्याच्या बाटल्या घेतल्या, उंचीच्या अर्ध्यावर खूण केली आणि पाणी ओतून पाहिले तर अर्धे होईना. बाटलीची मान निमुळती, बूड आत गेलेले. मग सरळ उभ्या पारदर्शक बरण्या आणल्या. पाव बरणी पाणी मावेल असा पेला. एक, दोन, तीन, चार पेले, बरणी काठोकाठ. "आता पाचवा पेला?" ज्याने चारांतले पाच कसे घेणार म्हणून विचारले होते, तोच पेला हातात धरून उभा राहिला. मग शेजारची रिकामी बरणी ओढली आणि त्यात ओतला. "एक आणि पाव," तो म्हणाला, आणि मग जरा मोठ्याने, "सव्वा! पाच पाव म्हणजे सव्वा!"

मला त्या आजोबांची आठवण झाली. त्यांना एक दिवस वर्गात बोलावले. गावाकडे चौथीपर्यंत शिकलेले, आयुष्य माथाडीत गेलेले. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे अजून येत होते. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणतात हे त्यांच्याकडून ऐकून मुलांना फार मौज वाटली. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठे, आणि हा साडेतीनचा पाढा. त्यांनी पाव वर जात जात अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड असे म्हटले तेव्हा मुले आपोआप बोटे मोजू लागली. पण त्याच दिवशी मला आपल्या भाषेतली एक अडचणही स्पष्ट दिसली. पाव, पाऊण, सव्वा, पावणेदोन, अडीच ही सगळी चतुर्थांशाची घराणी आहेत. तिसऱ्या आणि पाचव्या भागाला आपल्या रोजच्या बोलण्यात असा सुटसुटीत शब्द नाही. तिथे बाजार मदतीला येत नाही, पट्टीच लागते.

बेरजेसाठी लादी. आमच्या गल्लीतल्या बेकरीची लादी सहा पावांची असते, तीन-तीनच्या दोन ओळी. कागदावर तशी लादी काढली. अर्धी लादी म्हणजे एक ओळ, तीन पाव. लादीचा तिसरा भाग म्हणजे एक उभा रकाना, दोन पाव. मग अर्धी लादी आणि तिसरा भाग मिळून पाच पाव. कशाचे? सहाच्या लादीचे. ५/६. २/५ लिहिणाऱ्या मुलांनी आपले जुने उत्तर स्वतः खोडले. (दोन वेगवेगळ्या पावांमुळे सुरुवातीला घोळ झाला खरा. "सहा पावांची लादी कशी? पाव तर चारच असतात," असे एकीने विचारले. तो घोळ मी पुसला नाही. आपल्या शब्दांचा अर्थ ठिकाणानुसार बदलतो, हे तिला माझ्याशिवायच समजले.)

पुढचा प्रश्न: १/३ + १/४. सहाची लादी चालेना. पाव भाग पाडताना पाव फाटू लागला. "आपल्याला वेगळी लादी हवी," एका गटाने ठरवले, "जिचा तिसरा भागही पुरा निघेल आणि चौथाही." बाराची लादी त्यांनीच काढली, तीन ओळी चार रकाने. चार पाव आणि तीन पाव, ७/१२. लसावि हा शब्द मी तिथे उच्चारलाच नाही.

निर्णयाचे क्षण

तीन ठिकाणी मी थांबून विचार केला, आणि तिन्ही ठिकाणी चूक होऊ शकली असती.

पहिले दोरीचे. व्हरांड्यात दोरी बांधली होती, एका टोकाला ०, दुसऱ्याला २, कपड्यांच्या चिमट्यांनी अपूर्णांकांची कार्डे लावायची. मुलांनी १/२ अगदी दोरीच्या मधोमध लावला. म्हणजे जिथे १ यायला हवा तिथे. त्यांनी दोरीचा अर्धा केला होता, एकाचा नव्हे. सांगावे की राहू द्यावे? मी राहू दिला. दुसऱ्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले, "चूक लटकवून ठेवलीय?" मला अस्वस्थ वाटले. तिसऱ्या दिवशी १ चे कार्ड लावायला गेलेली मुलगी चिमटा हातात घेऊन थबकली. "अर्धा आणि एक एकाच जागी कसे?" आणि मग मागून दोनतीन आवाज एकदम, "कशाचा अर्धा?" ते उत्तर मी पहिल्या दिवशी दिले असते तर कार्ड सरकले असते, प्रश्न सरकला नसता. तरीही तीन दिवस ही मर्यादा होती. चौथ्या दिवशीही कुणी पाहिले नसते तर मीच ३/२ चे कार्ड लावायला दिले असते, म्हणजे घोटाळा उघड झाला असता.

दुसरा, दोन उत्तरांचा. १/४ + १/६ ला एका गटाने बाराची लादी घेतली आणि ५/१२ आणले. दुसऱ्याने चार गुणिले सहा म्हणून चोविसाची घेतली आणि १०/२४ आणले. दोन्ही गट दुसऱ्याला चूक म्हणू लागले. तास संपायला पाच मिनिटे होती. मी "दोन्ही बरोबर, सममूल्य अपूर्णांक" असे सांगून टाकणार होते. सांगितले नाही. दोन्ही लाद्या सारख्याच आकाराच्या कागदावर काढून आणायला सांगितल्या. सकाळी एका मुलाने दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. रंगवलेले भाग एकमेकांवर बसले. सममूल्य हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला.

तिसरा, नियम कधी द्यायचा. हा सगळ्यात अवघड होता आणि याचे उत्तर मला पूर्ण मिळालेले नाही. पाचव्या आठवड्यात काही मुले लादी न काढता मनात "बारा चालेल" म्हणू लागली तेव्हा मी समच्छेद करण्याची लेखी पद्धत दिली. या मुलांना ती आपण आधीच करतो त्याचेच नाव वाटली. पण ज्यांना अजून लादी लागत होती त्यांनाही ती त्याच तासाला मिळाली. त्यांतल्या काहींनी लादी सोडून दिली आणि पद्धत पाठ केली.

काय हाती आले

सहा आठवड्यांनी तीच चार प्रश्नांची चाचणी घेतली. १/३ आणि १/४ ची तुलना आता जवळजवळ सगळ्यांना आली, आणि कारणात "जास्त वाटेकरी, लहान वाटा" असे शब्द होते. लहानमोठ्या तुकड्यांच्या आयतात बहुतेकांनी आधी राहिलेल्या रेघा मारून तुकडे सारखे केले. ५/४ ला दोन आकृत्या आल्या. बेरजेत वर्गाचे दोन भाग पडले. मोठ्या गटाला बेरीज समजून येत होती. एका लहान गटाला उत्तर येत होते, पण ते अर्ध्याहून जास्त हवे की कमी हे विचारले तर गप्प व्हायचे.

सत्र परीक्षेत लादी काढून उत्तर लिहिणाऱ्यांचे गुण कापले गेले नाहीत, पण वेळ गेला. दोघातिघांची शेवटची उदाहरणे राहिली. शिष्यवृत्तीच्या सरावातही ती मुले मागे पडली. ही किंमत होती आणि ती मुलांनी मोजली.

भाजीच्या गाडीवरच्या मुलाला मी शेवटी पुन्हा विचारले, पाव म्हणजे किती? त्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिले. "कशाचा ते सांगा आधी."

पुन्हा करायचे तर

पट्ट्यांवर मी पहिल्याच दिवशी १/३, १/४, १/५ लिहून घेतले. ही चूक झाली. मुले पट्टी शेजारी ठेवून लांबी पाहण्याऐवजी लेबल वाचून उत्तर देऊ लागली, म्हणजे साहित्य हातात असून पुन्हा आकडेच. आता पहिले दोन आठवडे पट्ट्या कोऱ्या असतात. हा भाग कितवा, हे पूर्ण पट्टीवर तो किती वेळा बसतो ते पाहूनच ठरवायचे.

दुसरे, चारजणांच्या गटात हात एकाचेच चालतात. पट्टी दुमडणारा, पाणी ओतणारा बहुधा तोच तो मुलगा, आणि तो बहुधा मुलगाच. बाकीचे पाहतात. आता जोडी असते आणि प्रत्येकाला स्वतःचा संच. त्यासाठी कार्डशीट महाग पडते, म्हणून जुन्या लग्नपत्रिका वापरतो. त्या जाड असतात आणि प्रत्येक घरात साठलेल्या असतात.

चपातीच्या पहिल्या तासाला एक मुलगा म्हणाला होता, "मला मोठ्या चपातीतली पाव द्या." सगळे हसले, मीही हसले आणि पुढे गेले. चपात्या लहानमोठ्या होत्या, आणि पाव सारखा नव्हता. पहिल्या दिवशीच तो प्रश्न वर्गासमोर ठेवला असता तर दोन आठवडे वाचले असते.

आणि पद्धत एकाच दिवशी सगळ्यांना देणार नाही. गप्प होणाऱ्या त्या लहान गटात एक मुलगी होती, अक्षर मोत्यासारखे, वही सगळ्यांत नीट. तिची बेरीज नेहमी बरोबर यायची. शेवटच्या आठवड्यात मी तिला १/२ + १/३ ची लादी काढायला सांगितली. तिने सुबक लादी काढली, सहा चौकोन, आणि मग वर पाहून विचारले, "बाई, किती रंगवू?" उत्तर तिच्या वहीत वरच लिहिलेले होते, ५/६. मी तिच्या शेजारी बसले तेव्हा शाळा सुटायची घंटा झाली. सुट्टीत न्यायला तिला कोऱ्या पट्ट्यांचा संच दिला, आणि सहावीच्या बाईंना तिच्याबद्दल सांगून ठेवले.